म्युलरचा अहवाल वाचलाय कोणी?

पोटोमॅककाठी, २५ मार्च २०१९

शुक्रवारी संध्याकाळी, २०१६च्या निवडणुकीतल्या रशियन ढवळाढवळीचा तपास करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांचा अहवाल अॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) विल्यम बार यांच्या हाती पडल्याची बातमी आली आणि काल, रविवारी, बार यांनी अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे संसदेला, चार पानी पत्र धाडलं. तेव्हापासून आमच्या गल्लीत एका घरी दिवाळी आहे आणि शेजारच्या घरी सुतक.

पत्रात मुद्दे दोनच. पहिला: २०१६च्या निवडणुकीत रशियाने ढवळाढवळ केली, पण तिच्यात ट्रम्प यांच्या प्रचारातल्या लोकांनी रशियन सरकारशी कट किंवा संगनमत केल्याचं तपासात सिद्ध झालं नाही. दुसरा: अध्यक्षांनी तपासात अडथळे आणले का? इथे म्युलर यांनी हात आखडता घेतलाय. अध्यक्षांनी गुन्हा केला असा निष्कर्ष हा अहवाल काढत नाही, पण त्यांना दोषमुक्तही करत नाही, असं त्यांचं अर्धंमुर्धं वाक्य बार यांनी उद्धृत केलंय. मग उरलेला निकाल बार आणि त्यांचे डेप्युटी रॉड रोझेनस्टाइन यांनी शनिवार-रविवारात लावून टाकला, की पुरावा पुरेसा नाही. आणि अध्यक्षांचं ट्वीट काय, तर 'संगनमत नाही, अडथळा नाही, संपूर्ण दोषमुक्ती'.

ज्यांनी हे प्रकरण सोडून दिलं होतं त्यांच्यासाठी उजळणी. आधीचे अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स स्वतः ट्रम्प यांच्या प्रचारात होते, म्हणून मार्च २०१७ मध्ये ते या तपासापासून बाजूला झाले. ९ मे रोजी एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांना काढलं. १७ मे रोजी रोझेनस्टाइन यांनी म्युलर यांना नेमलं. त्यानंतरचा पसारा बार यांच्या पत्रातच आहे: १९ वकील, सुमारे ४० एफबीआय एजंट, २,८०० हून अधिक समन्स, जवळपास ५०० झडती वॉरंट, सुमारे ५०० साक्षीदार. एकूण ३४ माणसं आणि तीन कंपन्यांवर आरोप ठेवले गेले. त्यात रशियन लष्करी गुप्तहेर खात्याचे १२ अधिकारी आहेत. ते काही कोर्टात उभे राहायला येणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

धागा काढण्याचं कारण असं की मूळ अहवाल बार, रोझेनस्टाइन आणि त्यांच्या कचेरीतली मूठभर माणसं सोडली तर कोणीही वाचलेला नाही. त्याची किती पानं आहेत हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. तरी पेढे वाटून झाले आणि डोळे पुसूनही झाले. तो खुला करा म्हणून हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, १४ मार्चला ४२० विरुद्ध ० असा ठराव केलाय, म्हणजे निदान वाचायची इच्छा दोन्हीकडे आहे असं धरून चालू. तर मंडळी, ह्या सगळ्या प्रतिक्रिया नेमक्या कशावर आहेत?

वऱ्हाडी_ठेचा, २५ मार्च

रुमाल टाकून ठेवतो. इकडं आमच्या अमरावतीत लोकसभेचा असा धुरळा उडून राह्यला की ट्रम्पतात्यांकडं पाहाले कोनाले फुरसत नाही. पन वाचून राह्यलो, चालू द्या.

डॅलसकर, २५ मार्च

प्रतिक्रिया कशावर? दोन वर्षांवर. मी सांगतो.

मार्च २०१७ मध्ये डेमोक्रॅट खासदार अॅडम शिफ टीव्हीवर सांगत होते की परिस्थितीजन्यापेक्षा जास्त पुरावा आहे. सीआयएचे माजी प्रमुख ब्रेनन याच महिन्यात आणखी आरोपपत्रांचे अंदाज वर्तवत होते. आता म्हणतात, कदाचित मला चुकीची माहिती मिळाली असेल. जानेवारीत एका वेबसाइटने छापलं की ट्रम्प यांनीच आपल्या वकिलाला काँग्रेससमोर खोटं बोलायला सांगितलं. दोन वर्षं तोंडातून अक्षर न काढलेल्या म्युलर यांच्या कचेरीला ते बरोबर नाही असं जाहीर सांगावं लागलं. अशी किती उदाहरणं देऊ? ऑफिसात 'ट्रम्पला मत दिलं' म्हटलं की समोरचा आपल्याकडे पुतिनचा माणूस असल्यासारखा बघायचा. आज जरा मोकळा श्वास घेतला तर तुम्ही म्हणता अहवाल वाचला का! तुम्ही ज्यावर दोन वर्षं विश्वास ठेवलात ते तरी कोणी वाचलं होतं?

निशिगंधा, २५ मार्च

डॅलसकर भाऊ, शेवटचं वाक्य टोचलं, पण खरं आहे.

मी न्यू जर्सीत राहते, मत कुणाला दिलं ते सांगायला नको. आमच्या ऑफिसात एकीच्या टेबलावर म्युलरची मेणबत्ती आहे. चर्चमध्ये संतांच्या असतात ना, तशी उंच काचेची, त्यावर डोक्यामागे तेजोवलय असलेला म्युलर. 'म्युलर टाइम'चे टी-शर्ट तर रस्तोरस्ती दिसायचे. आपल्याकडच्या भाबड्या भक्तांना नावं ठेवणारी आम्ही माणसं, आणि एका ७४ वर्षांच्या रिपब्लिकन सरकारी वकिलाला नवस बोलून बसलो होतो. तो येईल आणि सगळं मिटवेल. निवडणूक हरल्याचं दुःख निवडणुकीनेच फेडायचं असतं, हे कोणाला ऐकायचंच नव्हतं.

काल दुपारी आमच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चक्क सामसूम होती. मग एकीने व्हाइट हाऊससमोरच्या चर्चमधून बायकोबरोबर बाहेर पडणाऱ्या म्युलरचा फोटो टाकला आणि खाली रडके चेहरे. अगं, तो माणूस रविवारचा देवळात गेलाय, तुम्ही का रडताय!

कोर्टकचेरी, २५ मार्च

पुण्याहून, वकिलीच्या चष्म्यातून.

गोंधळाचं मूळ नियमांत आहे. वॉटरगेटनंतर १९७८ मध्ये जो कायदा झाला त्यात स्वतंत्र वकील न्यायाधीशांचं पॅनेल नेमायचं आणि त्याला थेट काँग्रेसकडे जाता यायचं. त्याच कायद्याखाली केन स्टार यांनी १९९८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांच्यावरचा ४४५ पानी अहवाल काँग्रेसला दिला आणि दोनच दिवसांत तो इंटरनेटवर होता, नको त्या तपशिलांसकट. त्याचा दोन्ही पक्षांना वीट आला. १९९९ मध्ये कायद्याची मुदत संपली ती कोणी वाढवलीच नाही. त्या जागी न्याय खात्याने स्वतःचे नियम केले. ते लिहिण्यात नील कात्याल हे आपले भारतीय वंशाचे गृहस्थ होते.

या नियमांत म्युलर हे न्याय खात्याचेच नोकर. अहवाल गोपनीय, आणि तो द्यायचा फक्त अॅटर्नी जनरलला. पुढे त्यातलं जनतेला किती सांगायचं हे अॅटर्नी जनरलच्या मर्जीवर. आणि अॅटर्नी जनरल नेमतो कोण, तर ज्याची चौकशी चाललीय तो. याच बार यांनी गेल्या जूनमध्ये, खासगी वकील असताना, न्याय खात्याला १९ पानी टिपण पाठवलं होतं की म्युलर यांची अडथळ्याची कल्पनाच कायद्यात बसत नाही. ते बार आज त्याच प्रश्नावर निकाल देताहेत. बेकायदा काही नाही, पण आमच्याकडे अशा न्यायाधीशापुढचं काम दुसरीकडे वर्ग करून घ्यायला पक्षकाराने पहिल्या तारखेलाच अर्ज टाकला असता.

दुसरं, पदावरच्या अध्यक्षावर खटला भरता येत नाही असं न्याय खात्याचं १९७३ पासूनचं मत आहे, २००० मध्ये ते पुन्हा लेखी दिलं गेलं. म्युलर यांनी हात आखडता घेण्यामागे तेच असावं असा माझा अंदाज. खरं-खोटं मूळ अहवाल आल्यावर कळेल.

डॅलसकर, २५ मार्च

वकीलसाहेब, सिद्ध झालं नाही तर माणूस निर्दोष, हे तरी मान्य कराल?

कोर्टकचेरी, २५ मार्च

शिक्षेपुरता निर्दोष, शंभर टक्के. पण तपासात काय सापडलं याचा तो हिशेब नव्हे.

पोटोमॅककाठी, २६ मार्च

यावरून एक सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे एकेकाळचे प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांचा करचुकवेगिरी आणि बँक फसवणुकीचा खटला आमच्या इथे अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात चालला होता. अर्ध्या तासावर आहे, म्हणून एक दिवस रजा टाकून गेलो. त्या इमारतीत फोन, लॅपटॉप, काही म्हणजे काही नेता येत नाही. त्यामुळे जगभरचे पत्रकार वही-पेन घेऊन बसलेले, आणि काही घडलं की दाराकडे धावायचं. कोट-टाय घातलेली पन्नाशीची माणसं शाळा सुटल्यासारखी पळताना बघितली की फार मौज वाटते.

मी गेलो तो ज्युरी विचाराला बसल्याचा पहिला दिवस होता. दुपारभर काहीच नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास आतून चिठ्ठी आली. चार प्रश्न होते, त्यातला एक असा की 'वाजवी शंका' म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगा. न्यायाधीश एलिस म्हणजे खट म्हातारा, दोन्हीकडच्या वकिलांना खटलाभर फटकारत आलेला. पण ज्युरीशी अगदी मायेने बोलला. सरकारने शंकेला जागाच उरू नये इतकं सिद्ध करायचं नसतं, तर्काला धरून असलेली शंका उरता कामा नये, बस. बारा जणांनी माना डोलावल्या आणि घरी गेले.

निकाल आला तेव्हा १८ पैकी ८ आरोप सिद्ध, १० वर एकमत नाही. नंतर ज्युरीतल्या एका बाईंनी, ज्या स्वतः ट्रम्प यांच्या मतदार, सांगितलं की त्या दहांवरही अकरा जण दोषी म्हणत होते, एकच जण अडला. त्या दहा आरोपांची कागदपत्रं काही कोरी नव्हती, मी ती पडद्यावर बघितली आहेत. शिक्षेच्या हिशेबात मात्र ती नाहीत. शहामृगाच्या कातड्याचं १५ हजार डॉलरचं जाकीट तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

बार यांच्या पत्रातलं 'सिद्ध झालं नाही' वाचताना मला ती चिठ्ठी आठवली. कट सिद्ध झाला नाही याचा अर्थ शून्य सापडलं की बारापैकी अकरा पटतील एवढं सापडलं, हे त्या चार पानांवरून कळायला मार्ग नाही. डॅलसकर, कदाचित शून्यच असेल. मी कुठे नाही म्हणतोय?

जुनी_फाइल, २६ मार्च

तुम्ही अमेरिकेत बसून नवल करताय, आम्ही मंत्रालयात उमेदवारी करून म्हातारे झालो.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींचा श्रीकृष्ण आयोग घ्या. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा चालू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यायमूर्तींनी अहवाल दिला. तो सभागृहात आला ऑगस्टमध्ये, कारण कायद्याने सहा महिन्यांत मांडावाच लागतो. आणि मांडला तो सरकारच्या कार्यवाही अहवालासोबत, ज्यात मुख्य निष्कर्ष फेटाळलेले. अहवाल एकपक्षी आहे हे लोकांना आधी कळलं आणि अहवालात काय आहे ते नंतर. ज्यांनी तो पुढे मिळवून वाचला ते हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण मत विचाराल तर मुंबईत प्रत्येकाला होतं.

हे एकाच पक्षाचं नाही बरं. 'आदर्श' सोसायटीच्या आयोगाचा अहवाल आघाडीच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१३ मध्ये सरळ नाकारला. दिल्लीहून राहुल गांधींनी जाहीर नापसंती दाखवल्यावर जानेवारीत तोच अंशतः स्वीकारला. अहवालातलं एक अक्षर बदललं नव्हतं.

अहवालाच्या आधी त्याच्यावरचं पांघरूण बाहेर येतं. बारसाहेबांनी काही नवा शोध लावलेला नाही.

डॅलसकर, २६ मार्च

काका, मोठा फरक आहे. इथे म्युलर यांनीच पुढे आरोप ठेवले नाहीत. पांघरूण कसलं?

जुनी_फाइल, २६ मार्च

असेल. मूळ कागद येऊ द्या, तोवर मी कुणाचाच नाही.

निशिगंधा, २७ मार्च

मला आता काय गंमत वाटते सांगू? शुक्रवारपर्यंत ज्यांच्या लेखी म्युलर 'विच हंट'चा म्होरक्या होता, १३ चिडलेल्या डेमोक्रॅट्सचा पुढारी होता, त्यांच्यासाठी तो रविवारपासून सज्जन झालाय. परवा खुद्द अध्यक्षांना विचारलं की म्युलर सन्मानाने वागले का, तर म्हणाले हो. आणि आमच्या बाजूच्या दोघी म्हणताहेत की तो शेवटी रिपब्लिकनच. मेणबत्ती आज टेबलावर दिसली नाही.

वऱ्हाडी_ठेचा, २७ मार्च

ताई, मेनबत्ती वाया नका घालवू. आमच्याकडं पाठवा, लोडशेडिंगमंदी कामाची हाय. 😄

पोटोमॅककाठी, १८ एप्रिल २०१९

धागा वर काढतोय. आला! ४४८ पानं, दोन खंड. सकाळी साडेनऊला बार यांनी पत्रकार परिषद घेतली, अकराला अहवाल दिला. म्हणजे पुन्हा तेच, आधी पांघरूण. जुनी_फाइल काका, दंडवत.

न्याय खात्याच्या वेबसाइटवरची पीडीएफ स्कॅन केलेली आहे, त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही. सगळा देश 'कंट्रोल एफ' दाबून दाबून थकला आणि मग निमूट पहिल्या पानापासून वाचायला लागला. ठिकठिकाणी काळे पट्टे, त्यावर कारण लिहिलेलं: ग्रँड ज्युरी, तपासाचं तंत्र, चालू प्रकरणाला बाधा, तिऱ्हाइताची खासगी बाब. पहिल्या खंडात काही पानं जवळजवळ अख्खी काळी. दुसरा खंड मात्र बराच उघडा आहे. अध्यक्षांनी 'गेम ओव्हर' लिहिलेलं पोस्टर टाकलंय. मी दुसरा खंड वाचतोय, रात्री बोलू.

वऱ्हाडी_ठेचा, १८ एप्रिल

आमच्याकडं आज मतदान होतं. बोटाले शाई लावून आलो अन् हे पाहून राह्यलो. कोनी थोडक्यात सांगनार का, का मलेच ४४८ पानं वाचा लागतीन?

पोटोमॅककाठी, १९ एप्रिल

थोडक्यात नाही जमणार, दोन-तीन जागा सांगतो.

१७ जून २०१७, शनिवार. अध्यक्ष कॅम्प डेव्हिडला. तिथून व्हाइट हाऊसचे वकील डॉन मॅकगन यांना घरी फोन: रोझेनस्टाइनला सांग, म्युलरला जायला हवं. मॅकगन यांनी 'बघतो बघतो' करून फोन ठेवला, आपल्या वकिलाला विचारलं आणि सामान आवरून राजीनामा द्यायला ऑफिस गाठलं. ते गेले नाहीत, पण रोझेनस्टाइन यांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. सात महिन्यांनी ही बातमी फुटली तेव्हा अध्यक्षांनी त्यांना असं काही घडलंच नव्हतं असं लिहून द्यायला सांगितलं. मॅकगन यांनी नकार दिला. त्यावर अध्यक्ष विचारतात, तू नोंदी का ठेवतोस, वकील नोंदी ठेवत नाहीत. मॅकगन म्हणतात, मी खरा वकील आहे म्हणून ठेवतो.

असे दहा प्रसंग आहेत, हा आकडा बार यांनीच दिला. आणि म्युलर यांचा शेरा असा की तपासावर प्रभाव टाकण्याचे अध्यक्षांचे प्रयत्न बहुतांशी फसले, ते मुख्यतः आजूबाजूच्या लोकांनी त्यांचे हुकूम पाळले नाहीत म्हणून.

आता दुसरी बाजू, नाहीतर डॅलसकर रागावतील. पहिल्या खंडात रशियनांशी गाठीभेटींची भली मोठी यादी आहे. ट्रम्प टॉवरची ९ जून २०१६ ची बैठक आहे, मॅनाफोर्ट यांनी, रशियन हेरखात्याशी संबंध असल्याचा एफबीआयला संशय असलेल्या, किलिम्निकला दिलेली मतचाचणीची माहिती आहे. २७ जुलैला ट्रम्प यांनी 'रशिया, ऐकत असशील तर' म्हटल्यावर पाचेक तासांत रशियन लष्करी हेरांनी हिलरींच्या खासगी कार्यालयाच्या ईमेलवर पहिल्यांदा धाड टाकली, तेही आहे. पण ठरवून केलेला कट? तो सिद्ध होत नाही असं म्युलर स्वच्छ लिहितात. माझ्या ओळखीतले बरेच जण त्या वाक्याची पळवाट शोधताहेत. मला ती सापडली नाही.

कोर्टकचेरी, १९ एप्रिल

मार्चमधला अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच आहे: अध्यक्षावर खटला भरता येत नाही हे खात्याचं मत आम्ही पाळलं. आणि खटला भरायचाच नसेल तर नुसता दोषी म्हणून ठपका ठेवणंही अन्यायाचं, कारण त्या माणसाला कोर्टात उभं राहून नाव धुऊन काढायची संधी मिळत नाही. मात्र अध्यक्षांनी गुन्हा केलेला नाही अशी खात्री पटली असती तर तसं सांगितलं असतं, तशी पटली नाही, असंही लिहिलंय.

हे बार यांच्या चार पानांत का नव्हतं, हा माझा प्रश्न. 'पुरावा पुरेसा नाही' आणि 'पुरावा तोलून निकाल द्यायचाच नाही असं आम्ही आधीच ठरवलं' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चार आठवडे देश पहिल्यावर भांडत होता.

डॅलसकर, १९ एप्रिल

पहिला खंड वाचला. कट नाही. माझ्यासाठी विषय तिथेच संपतो. जो गुन्हा झालाच नाही त्याच्या तपासात अडथळा कसला? माणूस आपल्यावरच्या खोट्या आरोपांवर चिडला, आरडाओरडा केला, पण म्युलरला काढलं नाही. एकही कागद दडवला नाही, मॅकगन यांना ३० तास बोलू दिलं. आणि हा तपास मुळात सुरू कसा झाला, त्याचीही चौकशी व्हायला हवी की नको?

निशिगंधा, १९ एप्रिल

म्युलरला काढ असं मॅकगनला सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही, म्हणून 'काढलं नाही' होय? वा रे वा. नोकराने विष आणलं नाही म्हणून मालक साधू!

डॅलसकर, १९ एप्रिल

ताई, विष वगैरे कुठून आलं? दुसरा खंड वाचतो आणि मग उत्तर देतो. सव्वादोनशे-अडीचशे पानं आहेत, मला नोकरीही आहे.

पोटोमॅककाठी, १ मे २०१९

काल रात्री आणखी एक कागद बाहेर आला. २७ मार्चला, म्हणजे आपण इथे वाद घालत होतो त्याच आठवड्यात, म्युलर यांनी बार यांना पत्र लिहिलं होतं. तुमच्या चार पानांत आमच्या कामाचा संदर्भ, स्वरूप आणि आशय पुरता उतरलेला नाही, त्यामुळे लोकांत गोंधळ माजलाय, आमचे सारांश छापा. आज सिनेटच्या समितीपुढे बार यांना विचारलं तर म्हणाले, पत्र जरा तिरसट आहे, बहुधा कुणा हाताखालच्याने लिहिलं असावं.

मला रुखरुख वेगळीच आहे. म्युलर यांना गोंधळ दिसत होता. दोन ओळींचं निवेदन काढणं अवघड नव्हतं, जानेवारीत त्या बातमीवर काढलंच होतं की. माणूस नियमाला जागला, खात्याच्या आत पत्र लिहून गप्प बसला. त्याचा मान राखूनही मला हे पटत नाही.

जुनी_फाइल, १ मे

पटण्यासारखं नाहीच. पण नस्ती अशाच चालतात. आत सगळं लेखी असतं.

निशिगंधा, २९ मे २०१९

म्युलर बोलले! दोन वर्षांत पहिल्यांदा. न्याय खात्यात उभे राहून दहाएक मिनिटं, प्रश्न घेतले नाहीत. तेच सांगितलं जे वकीलसाहेबांनी इथे १९ एप्रिललाच लिहिलंय. कार्यालय बंद, राजीनामा दिला, अहवाल हीच माझी साक्ष. आणि टीव्हीवर 'खळबळजनक'! अहो, छापून सहा आठवडे झाले त्याला.

कालची मिशिगनची बातमी बघितलीत का? जस्टिन अमाश म्हणून रिपब्लिकन खासदार आहेत. अख्खा अहवाल वाचून, अध्यक्षांचं वागणं महाभियोगाला पात्र आहे असं म्हणणारे त्यांच्या पक्षातले ते पहिलेच. त्यांची ग्रँड रॅपिड्सला सभा होती. तिथे आलेल्या एक ट्रम्प समर्थक बाई पत्रकाराला म्हणाल्या की म्युलरच्या अहवालात अध्यक्षांविरुद्ध काही आहे हेच मला आज कळलं, मी तर ऐकलं होतं की ते दोषमुक्त झाले.

मी त्या बाईंना हसणार नाही. आमच्या ग्रुपवर अजून दोघीजणी आहेत ज्यांना वाटतं की कट सिद्ध झालाय आणि बारने तो काळ्या पट्ट्यांखाली लपवलाय.

कोर्टकचेरी, ३० मे

आता चेंडू काँग्रेसकडे. मॅकगन यांना हाऊसने समन्स काढलं, व्हाइट हाऊसने जाऊ नको सांगितलं, ते आले नाहीत. हा वाद कोर्टात जाईल आणि बराच रेंगाळेल. हाऊसच्या सभापती पलोसीबाई मार्चपासूनच महाभियोगाला राजी नाहीत, त्यांची नजर २०२० वर आहे.

डॅलसकर, ३० मे

दुसरा खंड झाला वाचून, उशीर झाला. मॅकगनचं प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा वाईट आहे. म्युलरला काढा सांगणं एक वेळ रागाच्या भरात होतं असं म्हणेन, पण नंतर 'मी सांगितलंच नव्हतं असं लिहून दे' हे मला आवडलेलं नाही. मत बदललं का? नाही. २०२० मध्ये मी कुणाला मत देणार ते तुम्हाला माहीत आहे. पण निशिगंधाताई, विषाचं उदाहरण तरी जास्तच होतं.

निशिगंधा, ३० मे

बरं, मागे घेते. विष नाही, जुलाबाची गोळी.

वऱ्हाडी_ठेचा, ३० मे

पोटोमॅककाठी भाऊ, त्या शनिवारच्या फोनचा भाग अख्खा मराठीत लिहून टाका ना एकदा, पात्रांच्या नावासकट. निवडनुकीचे धागे आता थंडे झाले, वाचाले कायी उरलं नाही. अन् हो, शिव्या गाळू नका, काळे पट्टे तर बिल्कुलच नको.